विणीतली समुद्रपातळी : प्रकल्प नोंदी

९ जानेवारी

पहिली बैठक. हजर: समुद्रशास्त्राच्या मॅडम, सांख्यिकी पाहणारे सर, विणकाम करणाऱ्या ताई, नगररचनेतले एक सहकारी आणि मी. मी चित्रकार, नोंदी ठेवायचं कामही माझ्याकडे.

किनारा संरक्षण आराखड्याचा मसुदा काही महिन्यांत प्रसिद्ध होणार आहे. त्यावर हरकती-सूचनांसाठी मुदत मिळेल. त्या मुदतीत समुद्रपातळीचं विज्ञान लोकांच्या आणि आराखडा करणाऱ्यांच्या हातात अशा रूपात जावं की त्यावर बोलता येईल, एवढंच काम.

काय नको, हे आधी ठरलं. अहवाल पूर्ण झाल्यावर त्याला चित्र लावायला कलाकाराला बोलवायचं, असं नको. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या २०२१ च्या अहवालाच्या मुखपृष्ठावर अ‍ॅलिसा सिंगर यांचं ‘चेंजिंग’ हे चित्र आहे. ते मला आवडतं, पण ते मुखपृष्ठावर आहे. आतल्या आकृत्या ठरत होत्या तेव्हा त्या टेबलाशी कोण बसलं होतं, हा माझा प्रश्न.

मॅडमनी उलट दिशेचं उदाहरण दिलं. रेडिंग विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञ एली हायवुड यांनी जागतिक तापमानाच्या आकड्यांवरून क्रोशाचं पांघरूण विणलं, दर वर्षाला एक रंग. त्यांचे सहकारी एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये निळ्या-लाल पट्ट्यांचा आलेख केला. तोच आज जगभर ओळखला जातो. इथे हातकाम आधी झालं आणि आलेख त्यातून निघाला. आम्हाला हाच क्रम हवा आहे.

१६ जानेवारी

मॅडमनी आकडे मांडले. आयपीसीसीच्या सहाव्या मूल्यांकनानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरनी वाढली. वेगही वाढतोय: १९७१ पर्यंत वर्षाला १.३ मिलिमीटर, २००६ ते २०१८ मध्ये ३.७. १९७१ नंतरच्या वाढीतला निम्मा वाटा पाणी तापून फुगण्याचा आहे. उरलेला बहुतेक हिमनद्या आणि हिमचादरी वितळण्याचा.

पुढचे आकडे २१०० सालासाठी, १९९५ ते २०१४ च्या सरासरीशी तुलना करून. उत्सर्जन लवकर घटलं तर ०.३२ ते ०.६२ मीटर. मधल्या वाटेनं ०.४४ ते ०.७६. उत्सर्जन फार वाढत राहिलं तर ०.६३ ते १.०१. हे शेवटचं चित्र म्हणजेच आपलं भविष्य असं लोकांसमोर ठेवायचं नाही, मधली वाट सध्याच्या धोरणांच्या जास्त जवळ आहे, हे सरांनी लगेच बजावलं. ते मला महत्त्वाचं वाटलं. घाबरवण्यासाठी सगळ्यात मोठा आकडा उचलला की तो खोडून काढायला कुणाला वेळ लागत नाही, आणि मग बाकीचं खरंही त्याच्याबरोबर वाहून जातं.

२३ जानेवारी

आज वाद झाला, आणि तो झाला हे चांगलं झालं.

मला रेघ हवी होती. इव्ह मोशर यांनी २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या किनारी वस्त्यांमधून समुद्रसपाटीपासून १० फूट उंचीची खडूची रेघ ओढली होती. मैदानं आखायचं यंत्र ढकलत त्या गल्लोगल्ली फिरल्या. लोक थांबून विचारायचे, हे काय, आणि तिथेच बोलणं सुरू व्हायचं. २०१२ मध्ये सँडी वादळाचं पाणी त्यातल्या बऱ्याच भागांत शिरलं. पेक्का नीट्टीविर्ता आणि टिमो अहो यांनी २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या एका बेटावर इमारतींवर प्रकाशाच्या रेघा लावल्या. भरती आली की त्या पेटत. दोन्ही कामं पाहणाऱ्याच्या अंगावर येतात, कारण रेघ त्याच्या छातीशी किंवा डोक्यावर असते. आलेखावरची रेघ तशी भिडत नाही.

सरांचा आक्षेप असा: “रेघ पाहिली की लोक वाचतात, वर कोरडं, खाली ओलं. आमच्याकडे तशी रेघ नाहीच. आमच्याकडे पट्टा आहे, आणि तोही कडेला विरत जाणारा.”

नगररचनेतले सहकारी तोवर गप्प होते. ते म्हणाले, “आराखड्यातसुद्धा रेघच असते. नकाशावर एक आकडा धरून पूररेषा काढतात, आणि तिच्या हातभर पलीकडे रुग्णालय बांधायला परवानगी मिळते.”

तिथे माझा रेघेचा हट्ट सुटला. धोरणात जे चुकतंय तेच भिंतीवर रंगवण्यात अर्थ नाही. पण पट्टा दाखवायचा कसा? फिकट होत जाणारा रंग लोकांना उडालेला रंग वाटतो. प्रश्न ताईंकडे गेला. त्यांनी वेळ मागून घेतला.

५ फेब्रुवारी

‘लाइकली’ (शक्य) या अहवालातल्या इंग्रजी शब्दावर पूर्ण बैठक गेली. आयपीसीसीच्या परिभाषेत त्याचा अर्थ ६६ टक्के किंवा त्याहून जास्त शक्यता. १६ जानेवारीला मांडलेल्या २१०० च्या पट्ट्यांच्या कडा १७ आणि ८३ टक्क्यांवरच्या आहेत. म्हणजे वरच्या कडेच्याही पलीकडे पाणी जाण्याची शक्यता सहात एकापर्यंत आहे.

डेव्हिड बुडेस्कू आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २४ देशांत, १७ भाषांत हे तपासलं होतं. ‘फार शक्य’, ‘फार अशक्य’ अशा शब्दांचे अर्थ लोक मधल्या आकड्यांकडे ओढून घेतात. शब्दाबरोबर आकडाही लिहिला तर अर्थ जास्त नेमका पोचतो. ठरलं: आमच्या कामात कुठलाही शक्यतादर्शक शब्द आकड्याशिवाय येणार नाही.

११ फेब्रुवारी

ताईंनी उत्तर आणलं. हातभर लांबीचा नमुना. खाली घट्ट वीण, बोटाला खाली काही आहे हे कळू नये इतकी. वर जावं तसा बाणा, म्हणजे आडवा धागा, दूर दूर होत जातो, कापड विरविरीत होतं, पलीकडचा हात दिसायला लागतो. सगळ्यात वर बाणा संपतो आणि नुसता ताणा, म्हणजे उभे धागे, उरतो, पदराच्या दशांसारखा, फक्त वर दांडीला ताणून बांधलेला.

“पाणी इथपर्यंत येईल याची जितकी खात्री, तितकी वीण घट्ट,” त्या म्हणाल्या.

सरांनी नमुना खिडकीशी धरला आणि बराच वेळ पाहिला. मग कागदावर वक्ररेषा काढून दाखवली. प्रत्येक उंचीला पाणी ती उंची ओलांडण्याची शक्यता किती, याचा आलेख. खाली १०० टक्के, वर जाता जाता शून्याकडे. ताईंनी तो आलेख न पाहता विणला होता.

आता दर सेंटिमीटरला बाणाचे किती धागे, हे सर त्या वक्रावरून काढून देतील. नुसत्या ताण्याचा भाग कुठे लागू होतो याचंही उत्तर अहवालात आहे: फार जास्त उत्सर्जनाच्या वाटेवर, हिमचादरींमधल्या नीट न समजलेल्या घडामोडींमुळे, २१०० पर्यंत वाढ २ मीटरच्या जवळ जाणं नाकारता येत नाही. या विधानावरचा विश्वास ‘कमी’ नोंदवलाय. म्हणून तिथे वीण नाही, धागा आहे. हे मला या पूर्ण कामातलं सगळ्यात अचूक चित्र वाटतं, आणि ते काढलेलं नाही, विणलेलं आहे.

२० फेब्रुवारी

शून्य कुठलं?

कापडाचं खालचं टोक कुठे टेकवायचं, हा प्रश्न मी विचारला तेव्हा तो सोपा वाटला होता. आज त्यावर सगळी दुपार गेली. भरतीमापकाचं शून्य वेगळं असतं, जमिनीच्या मोजणीचं वेगळं, आयपीसीसीच्या आकड्यांचं (१९९५ ते २०१४ ची सरासरी पातळी) आणखी वेगळं. शिवाय सरासरी पातळीवर पाणी कधी उभं राहत नसतं. रोज भरती असते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, वादळात त्यावर आणखी लोट असतो. जमीन खचत असेल तर तेही धरायला हवं. जागतिक सरासरी कुठल्याही एका किनाऱ्याला जशीच्या तशी लागू होत नाही. मोठी हिमचादर वितळली की तिचं गुरुत्वाकर्षण घटतं, तिच्या जवळची पातळी उतरते आणि दूरची जास्त चढते. त्यामुळे आम्ही नासाच्या समुद्रपातळी साधनातून जवळच्या भरतीमापकाच्या जागेसाठीचे अंदाज घेणार आहोत. त्यात जमिनीचं खचणं आणि गुरुत्वाकर्षणाचा हा परिणाम धरलेला असतो.

जमिनीच्या उंचीतही घोळ आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारनं जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली गेली आणि तेच आकडे पुढे कितीतरी नकाशांत वापरले गेले. पण रडार अनेक ठिकाणी झाडांचे शेंडे आणि छपरं मोजतं. २०१९ मध्ये स्कॉट कल्प आणि बेंजामिन स्ट्रॉस यांनी उंची दुरुस्त करून पाहिली, तेव्हा धोक्यातल्या लोकसंख्येचा अंदाज तिपटीवर गेला. आम्ही प्रत्येक जागेची उंची जमिनीवरून मोजून घेणार. मोजणीदार मिळालेत.

निर्णय: कापडाचं खालचं टोक आजच्या उधाणाच्या भरतीच्या पातळीवर. वादळाचा लोट कापडात नाही, त्याची वेगळी खूण. आणि हे सगळं प्रत्येक कापडाशेजारी साध्या शब्दांत लिहायचं. मसुदा आला की त्यातही पहिलं हेच शोधायचं, त्यांचं शून्य कुठलं.

३ मार्च

मानधन. कलाकारांना आणि संशोधकांना तासाला सारखाच दर. यावर चर्चा लांबली नाही, लांबायलाही नको होती.

१८ मार्च

पहिलं पूर्ण कापड टांगलं आणि दोन दिवसांत ते खोटं बोलायला लागलं. विरळ भागातला बाणा स्वतःच्या वजनानं खाली सरकत होता. म्हणजे वरची शक्यता कमी आणि खालची जास्त दिसत होती, आणि पाहणाऱ्याला हे कळण्याचा काही मार्ग नव्हता.

ताईंना उपाय माहीत होता, पण वेळखाऊ. विरळ भागात उभे धागे जोडीजोडीनं एकमेकांवर पीळ देऊन घ्यायचे आणि प्रत्येक पिळात आडवा धागा अडकवायचा. मग तो सरकत नाही. पीळ दिल्यानं ताण्याची लांबी खर्ची पडते, ती आधी धरायला हवी. दमट हवेत सुती कापड लांबी बदलतं, म्हणून काठात न ताणणारी मोजपट्टी शिवली. मॅडम आता रोज सकाळी कापड मोजतात. उपकरणाची जी काळजी त्या घेतात तीच इथे घेतायत. ताईंनी मला सांगितलं, त्यांच्या कामाकडे इतक्या बारकाईनं याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

२ एप्रिल

तीन वाटांची तीन कापडं, २१०० सालासाठी. शिवाय २०५० साठी एकच अरुंद पट्टी. २०५० पर्यंत वाटा फारशा फाकत नाहीत. जागतिक मध्य अंदाज कमी उत्सर्जनात १९ आणि फार जास्त उत्सर्जनात २३ सेंटिमीटर. फरक चार सेंटिमीटरचा. म्हणजे पुढच्या काही दशकांची तयारी करावीच लागणार, उत्सर्जन काहीही झालं तरी. आणि आजच्या उत्सर्जनाचा हिशेब नंतरच्या पिढ्यांच्या भिंतीवर उमटणार. या दोन गोष्टी वेगळ्या खात्यांकडे असतात. आमच्या मांडणीत त्या एकाच दांडीवर शेजारी टांगल्या जातील.

२२ एप्रिल

मॅडमची अडचण. आयपीसीसी धोरणाला उपयोगी माहिती देते, धोरण काय असावं हे सांगत नाही. त्याही हीच शिस्त पाळत आल्यात. हरकतीच्या पत्रावर सही केली तर उद्या त्यांच्या मोजमापावर कुणी बोट ठेवेल, ही भीती खरी आहे. तिला भित्रेपणा म्हणणं अन्यायाचं होईल.

माझं म्हणणं: कुठली पातळी धरून बांधायचं हे ठरवणं हा मूल्यांचा प्रश्न आहे, पण आराखड्यानं कुठली पातळी धरली हे उघड लिहावं, ही मागणी विज्ञानाच्या शिस्तीतच बसते. नगररचनेतल्या सहकाऱ्यांनी पॅरिस करारातलं कलम १२ दाखवलं. लोकशिक्षण, लोकसहभाग आणि लोकांना माहिती मिळणं याबद्दलचं.

तोडगा: पत्राचे दोन भाग. पहिल्यात आकडे आणि संदर्भपातळी, त्यावर मॅडम आणि सर सही करतील. दुसऱ्यात मागण्या, त्यावर ज्याला पटेल तो करेल. सरांनी तिथल्या तिथे दोन्हींवर करायचं ठरवलं. मॅडम पहिल्यावरच.

९ मे

मांडणीनंतर लोकांनी काय करायचं? हा भाग आजवर आम्ही मागे ढकलत होतो.

ओलाफुर एलियासन आणि भूगर्भशास्त्रज्ञ मिनिक रोसिंग यांनी ग्रीनलंडचा बर्फ आणून कोपनहेगन (२०१४), पॅरिस (२०१५) आणि लंडन (२०१८) इथे सार्वजनिक जागी वितळत ठेवला. पॅरिसमध्ये घड्याळाच्या आकड्यांसारखे १२ तुकडे, हवामान परिषद चालू असताना. लोक बर्फाला कान लावून आतल्या हवेचे बुडबुडे फुटताना ऐकत होते. स्पर्श हा पुरावा असतो, हे त्यातून शिकायचं. त्यांनी वाहतुकीच्या उत्सर्जनाचा हिशेबही जाहीर केला होता, तो आम्हीही करू.

पण पुढचा प्रश्न मायकेल पिन्स्की यांच्या ‘पोल्यूशन पॉड्स’मुळे पडला. २०१७ मध्ये ट्रॉनहाइमला पाच घुमटांत पाच ठिकाणांची हवा कृत्रिमरीत्या तयार केली होती. मानसशास्त्रज्ञ त्या प्रकल्पात पहिल्यापासून होते आणि त्यांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला. बाहेर पडताना काहीतरी करण्याचा इरादा थोडा वाढलेला दिसला. प्रत्यक्ष संधी समोर ठेवली तेव्हा बहुतेकांनी ती घेतली नाही. त्याच गटातल्या लॉरा सॉमर आणि ख्रिश्चन क्लॉक्नर यांनी पॅरिसमधल्या ३७ कलाकृती अभ्यासल्या होत्या. तिथे लोकांना सगळ्यात जास्त हलवणारी कामं संकट दाखवून थांबणारी नव्हती, सुंदर रीतीनं उपाय दाखवणारी होती.

म्हणून शेवटच्या कापडाशेजारी टेबल: हरकती-सूचनांचा कोरा अर्ज, मसुद्यातल्या संबंधित परिच्छेदाची प्रत, आणि लिहायला मदत करणारा माणूस. आणि टेबलामागच्या भिंतीवर उपायांची चित्रं, ती माझ्याकडे: उंचावलेली वीजजोडणी, पाण्याला मोकळी सोडलेली दलदल, टप्प्याटप्प्यानं उंच करता येईल अशी बांधाची रचना.

१४ जून

मसुदा आला. त्यात एकच आकडा: ‘सन २१०० पर्यंत कमाल १ मीटर वाढ’. जागतिक सरासरीच्या पट्ट्याची वरची कड उचलून तिला कमाल म्हटलंय. कुठली वाट, कुठलं शून्य, काहीही नाही. २१०० नंतर जणू समुद्र थांबणार. त्याच अहवालात २१५० साठी फार जास्त उत्सर्जनाच्या वाटेवर ०.९८ ते १.८८ मीटर लिहिलंय, आणि बांध-पूल तोवर उभे असणार.

वाचून राग आला. ताई म्हणाल्या, राग असू दे, कापडं उद्याच टांगू.

२ जुलै

मांडणी खुली. ग्रंथालयाचा जिना, बसथांबा, बाजाराची कमान आणि पंपगृहाची भिंत. सगळ्या जागा मोजून घेतलेल्या.

पंपगृहातलं आज पाहिलं ते लिहून ठेवते. तिथे रोज ड्युटीला असणारे एक काका आले. आधी कापडाकडे लांबूनच पाहिलं. मग जवळ येऊन घट्ट भागावर तळवा ठेवला आणि तो वर सरकवत नेला. वीण सैल झाली तिथे थांबले. मान वळवून भिंतीवरच्या विजेच्या पॅनेलकडे पाहिलं, पुन्हा हाताकडे. खिशातून टेप काढून पॅनेलची खालची कड मोजली.

“पंप उंच चौथऱ्यावर बसवलेत,” ते म्हणाले, “पण पॅनेल खाली राहिलंय. पाणी पंपापर्यंत यायच्या आधीच पंप बंद.”

मधल्या वाटेच्या कापडावर पॅनेलची कड विरळ विणीत येत होती. शक्यता फार मोठी नाही, पण पूरपाणी उपसणारी एकमेव यंत्रणा त्यावर चालते. आमच्यापैकी कुणाच्याही नकाशात ते पॅनेल नव्हतं. काकांनी अर्ज तिथेच भरला. आकडे त्यांचे, वाक्यरचनेला मी मदत केली.

१९ जुलै

अर्ज येतायत. सगळेच आमच्या बाजूचे नाहीत. एका दुकानदारांनी लिहिलंय की अशी कापडं टांगून जागांची किंमत पडेल, आणि नुकसान कोण भरणार हे आराखड्यानं सांगावं. ही हरकत रास्त आहे, आमच्या पत्रात हा मुद्दा नव्हता. दुसऱ्या भागात घातला.

६ ऑगस्ट

सुनावणी. वेळ थोडा. सरांनी आलेख दाखवला नाही, तिन्ही वाटांची कापडं सभागृहात खऱ्या उंचीवर धरली. समितीतल्या अभियंत्यांनी फार जास्त उत्सर्जनाच्या कापडाच्या दशांकडे बोट दाखवून विचारलं, “हे किती टक्के?” सर म्हणाले, “इथे टक्केवारी देता येत नाही, म्हणूनच इथे वीण नाही. पण रुग्णालय बांधताना हा भाग तुम्ही सोडून द्याल का?” त्यानंतर चर्चा एका आकड्यावरून दोन आकड्यांवर गेली: बागेसाठी, गोदामासाठी कुठली पातळी धरायची आणि रुग्णालय, वीज, पाणी यांसाठी कुठली. इतके महिने आम्हाला हीच चर्चा घडवायची होती.

मॅडमनी संदर्भपातळीवर बोलायचं ठरलं होतं, त्यावर त्या बोलल्या. नंतर अध्यक्षांनी विचारलं तेव्हा पंपगृहाच्या पॅनेलबद्दलही बोलल्या.

११ ऑक्टोबर

अंतिम आराखडा. ‘कमाल’ गेलं, त्या जागी पट्टा आणि त्याची टक्केवारी आली. संदर्भपातळी आणि उत्सर्जनाची वाट नमूद केलीय. अत्यावश्यक सेवांसाठी वेगळी, वरची पातळी धरलीय. पंपगृहाचं पॅनेल पहिल्या टप्प्याच्या कामांत आहे.

२१०० नंतरचं काहीही आलं नाही. जागांच्या किमतीबद्दल आणि हलवाव्या लागणाऱ्या घरांबद्दलही नाही. उत्सर्जन घटवण्याचा विषय ‘या आराखड्याच्या कक्षेबाहेर’ म्हणून बाजूला ठेवला. ज्या दोन गोष्टी आम्ही एका दांडीवर टांगल्या होत्या त्या कागदावर पुन्हा वेगळ्या झाल्या. याचं मला वाईट वाटतं.

पुढची कामं: २१५० साठीचं कापड, ताण्याची लांबी सर कळवतील. धाग्यांच्या गणिताचं कोष्टक आणि पिळाच्या विणीची कृती कुणालाही वापरता येईल अशी लिहून काढायची, मॅडम आणि ताई मिळून. ऊर्जा आराखड्याच्या हरकतींची तारीख नगररचनेतले सहकारी शोधतायत. ग्रंथालयानं मधल्या वाटेचं कापड जिन्यात कायम ठेवायला मागितलंय. काठातली मोजपट्टी वर्षातून दोनदा तपासायची अट घालून द्यायचं.